पेंग्विन की म्युझियम? नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या सहलीचं प्रकरण

आमची सोसायटी ठाण्यात नौपाड्याची. पावसाळा संपला की एक सहल निघते आणि तिच्यावरून वाद होतो. या वेळचा वाद जरा वेगळा होता. भायखळ्याला राणीबागेत जायचं हे सगळ्यांना मान्य होतं, पण कशासाठी जायचं हे ठरत नव्हतं. पोरांना पेंग्विन आणि वाघ हवे होते. ज्येष्ठ मंडळींपैकी काहींना शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघायचं होतं आणि बाकीच्यांना झाडाखाली चटई टाकून बसायचं होतं. दोन आयटीवाले तरुण होते. त्यांचं म्हणणं, "म्युझियम काय, ऑनलाइन दिसतं की सगळं." सांस्कृतिक समिती नावाखाली ज्या दोघातिघांच्या गळ्यात हे सगळं पडतं, त्यांत मी एक.

हे प्रकरण लिहून ठेवतोय कारण अशा सहली ठाण्यातून सतत निघतात. शाळांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या, भिशीवाल्या बायकांच्या. त्यात म्युझियम असलं की त्याचं काय होतं हे आपल्याला पाठ आहे. लोक आत शिरतात, डावीकडून उजवीकडे एक चक्कर मारतात, तलवारी दिसल्या तर थांबतात, पंखा दिसला तर जास्त थांबतात आणि "झालं बघून" म्हणत बाहेर येऊन वडापाव शोधतात. आमच्या गटाचं तसं झालं नाही. का झालं नाही आणि तरीही कुठे फसलं, ते सांगतो.

माणसं आणि पर्याय

गट पंचवीसेक जणांचा. सगळ्यात लहान पोरगा पहिलीतला, सगळ्यात मोठ्या आजी ऐंशी ओलांडलेल्या आणि एक गुडघा बदललेल्या. एक निवृत्त मोटरमन, ज्यांना अख्खी बिल्डिंग काका म्हणते आणि ज्यांचं कुठल्याही यंत्राबद्दल मत ठरलेलं असतं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी शिक्षिका, त्यांची मुलगी सातवीत.

एका सहलवाल्याने "एका दिवसात मुंबई दर्शन" असा बेत पाठवला होता. त्यात प्रत्येक ठिकाणाला पाऊण तास आणि प्रवासाला उरलेला दिवस. तो वहिनींनी वाचता वाचताच बाद केला.

दुसरा पर्याय होता फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इमारत देखणी. जॉर्ज विटेटने आखलेली, १९१४ साली बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि लोकांसाठी उघडली १९२२ मध्ये. पण ते अफाट आहे. गुडघ्यांचा आणि पहिलीतल्या पोराचा विचार केला तर इतकं मोठं संग्रहालय पहिल्या खेपेला नको, असं माझं ठाम मत पडलं.

तिसरा पर्याय कुणीतरी हळूच मांडला, "अहो, ठाण्यातच काही नाही का?" आहे, भरपूर आहे. कोपिनेश्वर आहे, तलावपाळी आहे, १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पण जी इमारत खरं तर म्युझियम व्हायला हवी, तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये तिथूनच निसटले. अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे या क्रांतिकारकांना १९१० साली तिथेच फाशी झाली. तिथे सहल नेता येत नाही. त्याच किल्ल्याच्या आवारात १७८७ साली खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरीचे, इसवी सन १०१७ चे, ताम्रपट निघाले. त्यांचं वाचन छापून आलं ते थेट कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात. ठाण्याचं जे काही मोलाचं, ते ठाण्याबाहेर जाऊन पाहायचं, ही आपली जुनीच रीत.

या शेवटच्या वाक्यावरूनच सहलीची कल्पना सुचली. भायखळ्याला जायचं, पण मुंबईचं म्युझियम म्हणून नाही. आपल्या जिल्ह्यातून तिथे काय गेलं आणि कोण गेलं, एवढंच शोधायला जायचं.

चार चिठ्ठ्या

वहिनी आणि मी आधी जाऊन पाहून आलो. त्यानंतर माहितीपत्रक काढायचा मोह झाला होता. तो आवरला. शाळेत वहिनींनी पाहिलंय की माहितीपत्रक दिलं की मुलं ते खिशात घालतात आणि मोठी माणसं त्याने वारा घेतात. त्याऐवजी चार चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रश्न. चार घोळके, प्रत्येकात निदान एक पोर, एक आजी किंवा आजोबा आणि एक मधल्या वयाचं माणूस. उत्तर तिन्ही पिढ्यांनी मिळून आणायचं.

पहिली चिठ्ठी: मुरबाडच्या कोणत्या माणसाचा या म्युझियमशी आणि आपल्या लोकलशी संबंध आहे? दुसरी: आवारातला दगडी हत्ती तिथे कसा आला? तिसरी: इमारतीत लोखंड कुठे कुठे आहे, आणि ती बांधायला पैसे कमी का पडले? चौथी: डॉक्टरांचं नाव म्युझियमला कसं, आणि नालासोपाऱ्याच्या स्तूपाशी त्यांचा काय संबंध?

बुधवारी संग्रहालय आणि राणीबाग दोन्ही बंद असतात, हे माहीत असूनही कुणीतरी दरवेळी बुधवार सुचवतंच. रविवारी राणीबागेला जत्रा असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतला गुरुवार धरला.

गाडीत

फास्ट लोकलही भायखळ्याला थांबते आणि लवकर पोचवते, पण ती कल्याणकडून भरून येते. आम्ही ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागली, पण सगळे बसले आणि बसल्यामुळे बोलले. पहिल्या चिठ्ठीचं उत्तर गाडीतच निघालं.

मुरबाडचा माणूस म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, आपले नाना शंकरशेट. जन्म १८०३, मुरबाड. मुंबईत नाव काढलं, जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या उभारणीत होते, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली, तिच्यामागच्या खटपटीत त्यांचा वाटा होता. चौदा डबे, चारशे पाहुणे. इथे मोटरमन काकांनी ताबा घेतला. तीन इंजिनं होती, साहेब, सिंध आणि सुलतान, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू तिन्ही त्यांनी चालवली होती. याच नानांनी म्युझियमसाठी पैसा उभा करणाऱ्या समितीत काम केलं. ते १८६५ मध्ये गेले, म्युझियम उघडलं १८७२ मध्ये. स्वतः आखलेलं घर पुरं झालेलं त्यांनी पाहिलं नाही.

"मग त्यांचा पुतळा आहे का तिथे?" पोरांनी विचारलं. संगमरवरी पुतळा पाहायचा तर टाऊन हॉलला, एशियाटिक सोसायटीत जावं लागतं, असं वहिनींनी सांगितलं.

भायखळ्याला उतरल्यावर पाच मिनिटं फलाटावरच थांबलो. हे स्टेशन देशातल्या अजून वापरात असलेल्या फार जुन्या स्टेशनांपैकी. त्याच्या जतनाला २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत गौरव मिळाला. त्याच वर्षी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयालाही मिळाला. रोज हजारो माणसं मान खाली घालून इथून जातात. आम्ही वर बघत उभे होतो, म्हणून लोक आमच्याकडे बघत होते.

हत्ती

म्युझियमच्या आवारात आल्यावर आत शिरायचं नाही, आधी हत्ती, असं ठरलेलं होतं. सगळा दिवस तिथेच सुधारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा हत्ती घारापुरीचा. बेटावरच्या राजबंदराजवळ उघड्यावर उभा होता. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली ती त्याला पाहून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याचं डोकं आणि मान गळून पडली होती. १८६४ मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीबागेत, तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये आणून ठेवले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले.

आता यात ठाणं कुठे? १८८२ साली छापलेल्या मुंबई गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्याच्या खंडात घारापुरीचं सविस्तर वर्णन आहे, कारण तेव्हा पनवेल-उरणचा पट्टा ठाणे जिल्ह्यात होता. आज घारापुरी रायगडात. म्हणजे हत्ती बेटावरून उचलला गेला तेव्हा तो ठाणे जिल्ह्याचा हत्ती होता! हे कळल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर आपला माणूस परगावी भेटल्यासारखा भाव आला.

काकांनी हत्तीभोवती फेरी मारली आणि सांधे शोधायला सुरुवात केली. "इथे बघ. हा पोट आणि पायाचा जोड. दगडाचा रंग बदललाय बघ." सातवीतली मुलगी वही घेऊन मागे. सांध्याची रेघ कुठे सरळ आहे, कुठे वाकडी, कुठे भर घातलेली दिसते, हे ती आकृती काढून टिपत होती. पहिलीतला पोरगा खाली बसून हत्तीचे पाय मोजत होता, आणि ते चारच निघाले म्हणून जरा नाराज होता. काकांचा प्रश्न एकच, की क्रेन मोडली म्हणजे नेमकं काय मोडलं, साखळी की दांडा? ते आम्हाला सांगता आलं नाही. त्यावर त्यांनी वजनाचा अंदाज, टेकू, तोल यांवर जे बोलायला सुरुवात केली, ते ऐकायला दोन अनोळखी कॉलेजची मुलंही येऊन उभी राहिली.

आजी बाकावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं मोडली क्रेन. नाहीतर हा लंडनला पावसात भिजत उभा असता."

आत

बाहेरून इमारत शांत, सरळ रेषांची, पॅलाडियन, म्हणजे इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या वळणाची. आत गेलं की डोळे दिपतात. फिकट हिरव्या भिंती, सोनेरी नक्षी, उंच सडपातळ खांब आणि पायाखाली मिंटन या इंग्लिश कंपनीच्या नक्षीदार लाद्या. समोर प्रिन्स अल्बर्टचा पुतळा, मॅथ्यू नोबलने घडवलेला. राणी व्हिक्टोरियाचा नवरा १८६१ च्या डिसेंबरात गेला आणि पुढच्याच वर्षी या इमारतीचा पाया घातला गेला. म्हणून आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड झालं.

अशा जुन्या इमारतीत लोकांना लगेच वस्तूंकडे न्यायचं नाही, इमारत हीच पहिली वस्तू, हे माझं जुनं म्हणणं. तिसरी चिठ्ठी त्यासाठीच होती. खांब दगडाचे वाटतात. काकांनी एक नजर टाकून सांगितलं, "बिडाचे आहेत." हात न लावता कसं कळलं? इतका बारीक खांब वरचा सज्जा पेलतोय म्हणजे दगड नसणार, असा त्यांचा हिशेब. मग कठड्याची जाळी, जिन्याचा कठडा, कमानींखालचे आधार, असं लोखंड शोधण्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात कुणीही "अजून किती आहे?" विचारलं नाही.

पैसे कमी का पडले याचं उत्तर आयटीवाल्या तरुणांच्या घोळक्याकडे होतं, आणि ते त्यांना आवडलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं, तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झाला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा चढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंदसारखे बडे बुडाले, बँका बुडाल्या, वर्गणीचे आकडे कागदावर राहिले, म्युझियमचं काम रखडलं आणि शेवटी सरकारला हात घालावा लागला. "म्हणजे बबल फुटला," एक जण म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा मोबाईल खिशात गेला.

त्याच ओघात जतनाचं बोललो. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. काम चालू असतानाच २००५ मध्ये युनेस्कोचा अत्युच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत म्युझियम पुन्हा उघडलं. ज्यांनी शाळेच्या सहलीत ही इमारत पूर्वीच्या अवकळेत पाहिली होती, त्या दोन काकू जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून "हीच का ती?" असं एकमेकींना विचारत होत्या.

वस्तूंपैकी आम्ही फार थोड्या पाहिल्या, मुद्दामच. मातीच्या छोट्या पुतळ्यांपाशी मात्र आजींनी मुक्काम ठोकला. निरनिराळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे हे पुतळे. आजींनी पगड्यांवरून माणसं ओळखायला सुरुवात केली. नात विचारतेय, "आजी, तुम्हाला कसं कळतं?" आणि आजी सांगतायत की त्यांच्या लहानपणी गावातल्या बाजारात डोक्यावरून माणूस ओळखायचे. त्या काचेपुढे जे बोलणं झालं, ते कुठल्याही गाइडने केलं नसतं.

जिथे फसलं

चौथी चिठ्ठी फसली. डॉ. भाऊ दाजी म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, दोनदा मुंबईचे शेरीफ, गरिबांना फुकट औषध देणारे, कडूकवठीच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोगावर उपचार करून पाहणारे आणि फावल्या वेळात शिलालेख वाचणारे. त्यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींना लेखांचे ठसे घ्यायला नेमलं, आणि त्याच भगवानलालांनी १८८२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, स्तूप उघडला. गोष्ट सुरेख आहे. पण लोक ऐकता ऐकता चुळबुळायला लागले. माझ्या मते कारण साधं: बोट दाखवायला समोर काही नव्हतं. सोपाऱ्याच्या वस्तू या इमारतीत नाहीतच. नानांची गोष्ट गाडीत चालली कारण आम्ही त्यांच्या रुळांवरच बसलो होतो. हत्तीची चालली कारण हत्ती होता. भगवानलालांची गोष्ट हवेत राहिली.

तासाभरानंतर लहान पोरं हातातून गेली. त्यांना ओढून ठेवण्यात अर्थ नव्हता. दोन आई-बाबा त्यांना घेऊन शेजारच्या राणीबागेत पेंग्विनकडे गेले, बाकीचे थांबले. वाद ज्यावरून सुरू झाला होता, तो असा गट फोडून आपोआप मिटला. सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहिलं पाहिजे हा हट्ट सोडला की सहलीतला निम्मा ताण जातो. आजींसाठी आम्ही बाकांच्या जागा आधीच हेरून ठेवल्या होत्या. वरच्या मजल्यावर त्या गेल्याच नाहीत, आणि त्यांना त्याची खंत नव्हती.

आणखी एक अडचण अपेक्षेत नव्हती. काचेआडचं वाचायला ज्येष्ठांना वाकावं लागतं आणि मग कंबर बोलते. सातवीतली मुलगी आपणहून मोठ्याने वाचून दाखवायला लागली, पण एक मुलगी किती जणांना पुरणार? पुढच्या वेळी प्रत्येक घोळक्यात वाचणारा एक ठरवून द्यायचा, हे वहिनींनी लगेच नोंदवलं.

या गटाला काय लागू पडलं

वस्तू कमी आणि आधीचं नातं जास्त, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्युझियममध्ये माणूस कंटाळतो तो अज्ञानामुळे नाही. शेकडो वस्तू एकाच आवाजात "मला बघ" म्हणतात आणि कुणाकडे बघायचं हे ठरत नाही, म्हणून कंटाळतो. मुरबाड, घारापुरी, ठाण्याची गाडी ही नावं ऐकताच ते ठरलं. पुण्याहून आलेल्या गटाला याच म्युझियममध्ये दुसरा धागा लागेल, कोकणातून आलेल्याला तिसरा.

दुसरं, प्रश्न तीन पिढ्यांत वाटला. नुसत्या मुलांना दिला असता तर शाळा झाली असती. नुसत्या मोठ्यांना दिला असता तर कुणी वाचलाही नसता.

बी विंगवाल्यांनी आता आमच्या चिठ्ठ्या मागून नेल्यात. त्यांना आम्ही तीनच दिल्या. सोपाऱ्याची राखून ठेवली आहे, कारण ती फोर्टात चालेल. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे आणि स्तूपातल्या वस्तू एशियाटिक सोसायटीत. तिथेच नानांचा पुतळाही भेटेल. तारखेवरून वाद सुरू झालाय. काकांना सीएसएमटीला थोडं आधी पोचून स्टेशनच्या छताचे बिडाचे खांब बघायचेत, आणि वहिनी म्हणतायत की मग दुपारच्या आत एशियाटिकला पोचणं जमायचं नाही.